गर्भाचे भोग कोणाच्या कर्माचे?

कीर्तन आटोपून बुक्का लावताना एखादी बाई हळूच विचारते, "महाराज, लेकरू अधू जन्मलं. माझं कोणतं पाप आडवं आलं?" असे विचारणाऱ्या बाया गावोगाव भेटतात, आणि उत्तर देताना जीभ जड होते.

शास्त्राने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगितले. प्रारब्ध आहे, हे मान्य. पण त्याची वही कोणी वाचली आहे? ती दुसऱ्याला वाचून दाखविण्याचा अधिकार मला नाही, शेजारणीला तर मुळीच नाही. तरी मुलाचा ओठ तुटका निघाला की आळी निकाल देऊन मोकळी होते : ग्रहणात हिने विळी धरली असेल! वास्तविक वरचा ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्यात. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याचे नुकतेच कुठे कळलेले असते. आकाशातले ग्रहण तिथवर पोचत नाही. चिलीम-विडीचा धूर मात्र पोचतो.

जपानात क्यूशू बेटावर मिनामाता म्हणून समुद्रकाठचे गाव आहे. तेथे चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना पाऱ्याचे विष मिसळलेले पाणी समुद्रात सोडीत असे. विष माशांत साठले, आणि मासे कोळ्यांच्या ताटात आले. १९५६ साली रोग उघडकीस आला. लोकांना आधी ती साथ वाटली, आजारी घरांकडे कोणी फिरकेना. पुढे असे दिसले की, ज्यांनी मासा कधी चाखलाही नाही अशी तान्ही मुलेच अधू आहेत; मान धरीत नाहीत, हातपाय वाकडे. त्यांच्या आया मात्र पुष्कळदा धडधाकट दिसत. वार विषाला अडविते, असा तोवर वैद्यांचा समज होता. १९६२ साली मान्य करावे लागले की, हे विष वारेतून गर्भात उतरते. इतकेच नव्हे, आईच्या रक्तापेक्षा गर्भाच्या रक्तात ते अधिक साठते. आपल्याकडे नाळ पुरतात. तिकडे ती वाळवून लहानशा डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. त्या जपलेल्या नाळा पुढे तपासल्या, तर त्यांतही पारा निघाला. कारखान्याने ते पाणी सोडणे १९६८ साली थांबविले.

आता सांगा, त्या मातेचे पाप कोणते? घरात शिजले ते तिने खाल्ले. कर्म होते, आणि क्रियमाणच होते. पण ते कारखान्याचे!

दूरचा दोष असा स्वच्छ दिसतो. घरचा दिसत नाही, म्हणून तर हा एवढा समुद्र ओलांडला. माळ घातली की मद्य-मांस सुटते, तंबाखूला मात्र कोणी विचारीत नाही. दिंडीच्या मुक्कामी पहाटे मशेरीची डबी हातोहात फिरते, आणि तीत पोटुशी सूनही बोट घालते. दात घासायची वस्तू, असे आपण म्हणतो. अहो, ती भाजलेली तंबाखूच की! हिरड्यांतून तिचा अंमल रक्तात जातो, रक्तातून वारेत. मुंबईतल्या बाराशेंवर गर्भिणींची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू-मशेरी वापरणाऱ्या बायकांची मुले सरासरी शंभर ग्रॅमांनी हलकी भरली, आणि अपुऱ्या दिवसांची मुलेही त्यांच्यात अधिक. शंभर ग्रॅम ते काय, असे म्हणू नका. आधीच दोन-सव्वादोन किलोच्या जिवाला तेवढाही आधार मोठा असतो.

कोणी पंडित म्हणेल, चरकाने दोष आईकडेच दिला आहे. खरे आहे. शारीरस्थानात म्हटले आहे की, गर्भिणी नित्य मद्य घेईल तर मूल अल्पस्मृतीचे, अस्थिर चित्ताचे होईल. दारूने गर्भाच्या मेंदूला होणारी ही इजा पाश्चात्त्य डॉक्टरांनी अलीकडे, १९७३ साली, नाव देऊन सांगितली. पण त्याच अध्यायात चरक आणखीही सांगतो, ते आपण वाचीत नाही. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे जसे हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भिणीला सांभाळावे, असा त्याचा दृष्टान्त आहे. भांडे काही आपल्या पायांनी चालत नाही. ते नेणारे हात घरच्यांचे.

ते हात काय करतात? बाजारातून तंबाखूचा पुडा नवरा आणतो. तव्यावर ती भाजते सासू. ओसरीवर विडी ओढतो सासरा, आणि धूर आत माजघरात. सून मशेरी लावते ती चैन म्हणून थोडीच? पहाटेपासून राबायचे, खायचे सगळ्यांच्या मागून. तोवर भूक मारायला, पोट साफ व्हायला तिला तेवढेच मिळते. मग मूल किडके निघाले की विचारायचे, हिचे पाप कोणते!

डोहाळे पुरविण्याची आपल्याला फार हौस. चोर ओटी, डोहाळजेवण, हिरवे लुगडे. त्यापेक्षा दिवस राहण्याआधीच, नव्या सुनेच्या पहिल्या सणालाच, सासूने आपली डबी चुलीत घालावी आणि घरातल्या पुरुषांनी विडी बंद करावी. सून आधीच लावीत असेल तर ती सोडताना काही दिवस डोके दुखेल, ती चिडेल, पोट साफ होणार नाही. आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारून तिला धीर द्यावा, जेवण वेळेवर आणि पोटभर द्यावे, आणि तेवढे दिवस पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी तरी उचलावा.