पुतळ्याआधीचा अभ्यास

विजापूरच्या तटावरची मुलूखमैदान तोफ 1632 मध्ये परंड्याच्या किल्ल्यातून तिकडे नेली गेली. तिचा जन्म मात्र अहमदनगरचा. 1549 मध्ये महंमद बिन हसन रूमी या उस्तादाने ती ओतली आणि तोफेवरच्या लेखात आपले नाव घातले. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, वजन सुमारे 55 टन, आणि तोंडाशी जबडा वासलेला हिंस्र पशू. त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जातो आहे. गोळा लांब जायला या हत्तीची काहीएक गरज नव्हती. तरी उस्तादाने तो घडवला, आणि घडवताना दख्खनचीच जुनी प्रतिमा उचलली. हत्तींना पंजाखाली दाबणारे शरभ इथल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरण्याची चाल होती. रूम देशाचे, म्हणजे तुर्कस्तानचे, नाव लावणाऱ्या कारागिराने नव्या युद्धयंत्राच्या तोंडावर या मुलखातले जुने रूप चढवले, आणि ते चढवताना धातूच्या ओतकामात तसूभरही ढिलाई केली नाही. जुने रूप नव्या कामाला लावणे ही शिल्पकलेतली हीन गोष्ट आहे, असे गेली शंभर वर्षे आपल्याला शिकवले गेले. हा निवाडा मला घाईचा वाटतो. रूप जुने की नवे याने शिल्पाची प्रत ठरत नाही. ते रूप अभ्यासून घेतले आहे का, आणि तो अभ्यास पुढच्या हाताला दिला गेला आहे का, यावर ती ठरते.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात ज्यांना इतिहासवादी म्हणतात त्या शिल्पकारांवर नेमका हाच ठपका आहे. त्यांच्याकडे स्वतःचे काही नव्हते. ग्रीक, गॉथिक, रेनेसाँस अशी गतकाळाची वस्त्रे ते नव्या चौकातल्या माणसांना नेसवत राहिले, असे म्हटले जाते. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण जर्मनीतल्या अर्न्स्ट रीट्शेलचे काम पाहिले की हा ठपका किती वरवरचा आहे ते कळते. सॅक्सनीतल्या पुल्स्निट्झ गावी 1804 मध्ये गरीब घरात जन्मलेला हा माणूस बर्लिनला ख्रिस्तियान राउख या गुरूकडे शिकला आणि 1832 पासून ड्रेस्डेनच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. वायमार शहरात गटे आणि शिलर या दोन कवींचे जोडस्मारक उभारायचे ठरले तेव्हा राउखच्या आराखड्यात दोघेही प्राचीन वेषात होते. रीट्शेलने दोघांना त्यांच्याच काळातला कोट घातला. वेषाबाबत त्याने पुरावा मानला. उंचीबाबत मात्र मानला नाही: शिलर प्रत्यक्षात गटेपेक्षा चांगलाच उंच होता, पण 1857 मध्ये उघडलेल्या या स्मारकात दोघे सारख्या उंचीचे आहेत, कारण दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या खांद्याखाली उभे करणे हे त्यांच्या मैत्रीबद्दल खोटे बोलणे झाले असते. पुराव्याला कुठे धरून राहायचे आणि कुठे सोडायचे, हा विवेक पुस्तकातून येत नाही. राउखसारख्या गुरूच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे माती मळल्यावर तो येतो, इतका की शिष्य गुरूच्या आराखड्याहून वेगळी वाट धरू शकतो.

रीट्शेलने पुढे काय दिले तेही पाहण्यासारखे आहे. वोर्म्स गावी मार्टिन ल्यूथरचे मोठे बहुमूर्ती स्मारक त्याने योजले आणि 1861 मध्ये ते अर्ध्यावर असतानाच तो गेला. आडोल्फ डोनडॉर्फ, गुस्टाफ किट्झ आणि योहानेस शिलिंग या शिष्यांनी ते पुरे केले. 1868 मध्ये त्याचे अनावरण झाले. पुढे शिलिंग ड्रेस्डेनला आणि डोनडॉर्फ श्टुटगार्टला शिकवू लागले. परंड्याच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. याच तालुक्यातल्या डोमगावच्या मठाची ख्याती कल्याणस्वामींच्या हातची मानल्या जाणाऱ्या दासबोधाच्या प्रतीमुळे आहे. समर्थांनी सांगितले आणि कल्याणांनी लिहिले, ही या भागाची घरोघरची आठवण. ग्रंथ गुरूचा आणि अक्षर शिष्याचे, यात कोणी कमीपणा मानला नाही. शिल्पाच्या बाबतीत मात्र आपण एकाच नावाचा आग्रह धरतो, आणि ज्या शाळेतून ते नाव निघाले ती शाळा विसरतो.

महाराष्ट्रातली ती शाळा वायमारचे स्मारक उघडले त्याच वर्षी, 1857 मध्ये, मुंबईत सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून निघालेल्या या जे. जे. कलाशाळेत 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग शिल्प शिकवायला आला. कथाकार रुडयार्डचा बाप एवढीच त्याची ओळख आपल्याकडे उरली, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरच्या कमानींत त्याने कोरलेली उठावशिल्पे आजही आहेत. इमारत गॉथिक धाटणीची आणि कमानीतली माणसे इथली, कष्ट करणारी. 1875 मध्ये तो लाहोरच्या मेयो स्कूलला गेला. त्याचा सहकारी जॉन ग्रिफिथ्स याने 1872 पासून पुढे अनेक हंगाम विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यातल्या कितीतरी नकला लंडनला 1885 च्या आगीत जळाल्या. नकला गेल्या, पण त्या करताना विद्यार्थ्यांच्या हाताला लागलेले वळण जळण्यासारखे नव्हते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडावरची पाने, पक्षी, माकडे, मुखवटे याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही शाळा परक्या सत्तेची होती. तिने ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे मुंबईत आणून ठेवले, मुलांना त्यांच्यापुढे बसवले आणि पिढीजात पाथरवटाला अडाणी ठरवले. कलाशिक्षक ई. बी. हॅवेलने ही तक्रार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोराने मांडली आणि ती बरीचशी बरोबर होती. पण हे मान्य करूनही गणपतराव म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’पुढे उभे राहिले की प्रश्न इतका सोपा राहत नाही. 1896 च्या सुमारास, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी प्लास्टरमध्ये ही मूर्ती केली: नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी. उभे राहण्याची ढब ग्रीक ठशांवरून शिकलेली आहे, हे कोणालाही दिसेल. पण नऊवारीचा काष्टा कुठे ताणतो, निऱ्या कुठे सैल पडतात, पदर खांद्यावरून कसा ओघळतो, हे कुठल्याही ग्रीक ठशात नव्हते. ते पाहून, पुन्हा पुन्हा पाहून, मातीत उतरवावे लागले. ग्रीक ठशाने म्हात्र्यांना कापड बघायला शिकवले आणि त्यांनी आपल्या घरातले कापड बघितले. परक्या शाळेने दिलेली शिस्त आपल्या वस्तूला लावली की ती शिस्त आपली होते. हॅवेलला हवी होती ती पिढीजात परंपरा जपायला हवीच होती, पण त्यासाठी म्हात्र्यांना नाकारायचे कारण नाही.

म्हात्र्यांनंतरच्या पिढीकडे पाहताना मी तिच्या शिक्षकांकडे आधी पाहतो. अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांचा हात ओळखला तो ऑटो रॉथफील्ड या अधिकाऱ्याने. गावातल्या मुलाने भिंतीवर काढलेले चित्र पाहून त्याने त्यांना जे. जे.त धाडले. पुढे 1928 मध्ये पुण्यात उघडलेला करमरकरांचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला. एवढ्या मोठ्या पुतळ्याचे एका दमात ओतकाम करायचे तर शिल्पकाराला मातीइतकीच भट्टीही कळावी लागते. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांनी गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा केला, ते मुंबई सोडून पवारांच्या धार संस्थानात गेले आणि तिथे त्यांनी कार्यशाळा थाटून विद्यार्थी घडवले. राम सुतारांची गोष्ट तर मराठवाड्याने स्वतःची म्हणून सांगावी अशी आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या या मुलाला श्रीराम जोशी या शिक्षकांनी जे. जे.पर्यंत पोचवले, आणि तिथून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्यावर 1950 च्या दशकात त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचे काम केले. 2018 मध्ये उघडलेला त्यांचा सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला आधीचे ते दुरुस्तीचे काम मोलाचे वाटते. वेरूळच्या तुटलेल्या हाताला जुळेल असा हात करायचा तर बाराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची छिन्नी कशी फिरली असेल हे आधी समजून घ्यावे लागते, आणि स्वतःची लकब बाजूला ठेवावी लागते. त्याहून चांगली शाळा इतिहास घडवणाऱ्या शिल्पकाराला कुठे मिळेल?

आता आजच्या चौकाकडे वळू. तालुक्याच्या गावी पुतळा बसवायचा म्हटले की समिती होते, वर्गणी जमते, जागेचा वाद होतो, उंचीची चढाओढ लागते, आणि सर्वांत शेवटी, अनावरणाची तारीख ठरल्यावर, शिल्पकाराला विचारले जाते. पुष्कळदा तयार साच्यातला पुतळा उचलला जातो. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी असा नियम राज्यात आहे आणि तो चांगला आहे. पण मान्यता म्हणजे अभ्यास नव्हे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. त्या दिवशी प्रत्येक मराठी माणसाला लाज वाटली आणि वाटायलाच हवी होती. यावर कोणी म्हणेल की तो प्रश्न गंजलेल्या लोखंडाचा आणि वाऱ्याचा होता, कलेचा त्याच्याशी काय संबंध? मला तो संबंध सरळ दिसतो. महंमद बिन हसनच्या हाती सिंहाचा जबडा आणि 55 टन धातू ही एकाच उस्तादाची जबाबदारी होती. करमरकरांनी गोदीतली भट्टी स्वतःच्या कामाचा भाग मानली. धातू, सांधा, पाया आणि समुद्राचा वारा हे सगळे शिल्पकाराच्या शिक्षणातच मोडते. चेहरा एकाने करायचा आणि उभे राहण्याची काळजी दुसऱ्याने, अशी फाळणी आपण स्वीकारली, कारण आपल्याला तारीख गाठायची असते.

याहून अवघड आक्षेप श्रद्धेचा आहे. लोक पुतळ्यापुढे हात जोडतात, हार घालतात. त्यांना घोड्याचा लगाम बरोबर आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते, मग हा काटेकोरपणा कोणासाठी? हा प्रश्न उद्धट नाही, मनापासूनचा आहे. पण श्रद्धेचा आपल्याकडचा व्यवहार नेमका उलटा सांगतो. देवळातल्या मूर्तीला तडा गेला तर ती पूजेतून काढली जाते. मूर्तीचे अवयव किती तालमानात असावेत हे शिल्पशास्त्राने ठरवून दिले ते भक्तीला गबाळेपणा चालत नाही म्हणूनच. जो माणूस छत्रपतींना, बाबासाहेबांना, अहिल्यादेवींना खरोखर मानतो त्याने शिल्पकाराकडे अधिक काटेकोर मागणी करायला हवी. बाबासाहेबांच्या कोटाच्या घडीचा, त्यांच्या हातातल्या पुस्तकाच्या वजनाचा विचार न करता काढलेला पुतळा त्यांचा मान राखतो असे मला वाटत नाही. छायाचित्रे इतकी उपलब्ध असताना तर मुळीच नाही. संगणकावर नमुना घेऊन यंत्राने तो हव्या त्या उंचीचा करता येतो, ही सोय मी नाकारत नाही. पण दोन फुटांच्या नमुन्यात खांदा चुकलेला असेल तर यंत्र तीच चूक तीस फुटांची करून देते. चूक ओळखणारा डोळा यंत्रात नसतो, तो शिकवावा लागतो.

परंड्याला हा डोळा शिकवायची साधने आहेत, आणि फारच थोड्या तालुक्यांना ती इतकी मिळाली आहेत. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर काही काळ निजामशाहीचा कारभार जिथून चालला तो हा भुईकोट. महमूद गवानच्या काळाशी त्याची बांधणी जोडली जाते. खंदक, दुहेरी तट, बुरुजांवरच्या नक्षीच्या तोफा, जुन्या देवळांचे खांब वापरून बांधलेली मशीद, नरसिंहाचे देऊळ, जागोजागच्या मूर्ती: चार-पाच शतकांचे दगडकाम आणि धातुकाम एका आवारात. सतराव्या शतकातला सरदार ज्याला घडवायचा आहे त्या शिल्पकाराने इथल्या तोफेच्या कड्या, दरवाजांचे खिळे, पायऱ्यांची झीज मातीत उतरवून पाहायला हवी. पाहून करायचे काम आहे ते. मोबाइलवर फोटो काढून भागणारे नाही. एका बाजूने प्रकाश पडला की कोरीव काम किती खोल आहे हे कळते, आणि ती खोली हाताने मोजल्याशिवाय हातात येत नाही.

तालुक्याच्या गावी कलाशाळा नाही, शिल्पाचे शिक्षक नाहीत, मग हे करणार कोण, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फार खर्चाचे नाही. दरवर्षी शाळाशाळांतली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्राच्या तयारीला वर्गात बादली, किटली, डबा मांडला जातो. परंड्यातल्या शाळांनी तोच तास, आठवड्यातून एकदा, किल्ल्यात घ्यावा; संरक्षित स्मारकात बसून चित्र काढायला भट्टी लागत नाही, छिन्नी लागत नाही, दगडाला हात लावावा लागत नाही. दोन-तीन वर्षांनी त्यातल्या ज्यांची बोटे मातीकडे वळतील त्यांच्यासाठी जे. जे.तला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातला एखादा शिल्पशिक्षक उन्हाळ्यात पंधरा दिवस बोलवावा, आणि तोफांच्या तोंडांचे, खांबांचे मातीचे नमुने मुलांकडून करवून घ्यावेत. पुतळ्यासाठी वर्गणी जमवणाऱ्या समितीने तिच्यातला छोटा हिस्सा या पंधरा दिवसांसाठी बाजूला काढला तरी भागेल. आणि गावात पुढचा पुतळा बसवायची वेळ येईल तेव्हा समितीच्या बैठकीत यातल्याच एखाद्या मुला-मुलीला बसवावे, म्हणजे मातीचा नमुना मान्यतेला जाण्याआधी घोड्याचा पाय कुठे चुकला हे सांगणारे कोणीतरी तिथे असेल.