देवी असलेला दवाखाना

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, चातगावजवळच्या जंगलात 'शोधग्राम' वसले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' या सेवाभावी संस्थेचा हा परिसर. संस्थेचे नाव जगभर झाले ते बालमृत्यूवरील संशोधनामुळे. ग्रामीण भागातील संस्थेने लोकांचे आरोग्य आणि त्यांचा वारसा यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचे एक ठोस उत्तरही तिथे पाहायला मिळते. त्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

सरकारी रुग्णालयात जायला इथली गोंड आदिवासी माणसे का बिचकतात, असे विचारल्यावर त्यांनी सांगितलेली कारणे वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. रोग्यासोबत आलेल्या नातेवाइकांना टेकायला जागा नसते. डॉक्टर आणि परिचारिका पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढऱ्या कापडात तर मढे गुंडाळतात. शिवाय त्या दवाखान्यात देव नसतो. या तक्रारींना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे होते. संस्थेने त्यांनाच बांधकामाचा आराखडा मानले. दवाखाना गोंडांच्या गावासारखा उभा राहिला: सुट्या झोपड्या, आणि रोग्याजवळ घरच्यांना राहण्याची सोय. नाव ठेवले 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. दंतेश्वरी ही बस्तरपासून या मुलखापर्यंत पुजली जाणारी देवी. तिचे ठाणे दवाखान्याच्या आवारातच आहे.

देवीच्या नावाने तिथे दरवर्षी जत्रा भरते. गावोगावचे लोक आपापल्या देवांसह, ढोल वाजवत येतात. त्याच मेळ्यात आपल्याला कोणता आजार सर्वांत जास्त छळतो, यावरही ते बोलतात. हिवतापाचा प्रश्न असाच त्यांच्या तोंडून पुढे आला. जत्रा ही मुळातच गावांनी एकत्र बसण्याची जागा. आरोग्याच्या चर्चेसाठी वेगळी सभा भरवण्यापेक्षा या जुन्या सभेत तो विषय नेणे अधिक शहाणपणाचे ठरले.

गावातली दाई हाही वारसाच. मुलाच्या छातीत न्यूमोनिया आहे की नाही, हे श्वासांच्या वेगावरून कळते. पण ज्या दाईला मोठे आकडे मोजता येत नाहीत, तिने मिनिटाचे पन्नास-साठ श्वास मोजायचे कसे? त्यासाठी मण्यांची एक साधी पाटी तयार झाली. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ रिकामे होण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचले, तर औषध सुरू करायचे. पुढे गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले गेले आणि 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली जाऊ लागली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतात ही पद्धत पुढे 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

झाडांविषयीचे ज्ञान मात्र अशा मोजमापात बसत नाही. राणी बंग यांचे 'गोईण' हे पुस्तक गडचिरोलीतील स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्याविषयी आहे. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणते फूल कधी वेचायचे, हे या बायकांना कळत्या वयापासून ठाऊक असते. पण ते लिहिलेले कुठेच नसते. म्हातारी गेली की तेही जाते. अशा ज्ञानाची नोंद करणे हे आरोग्याच्या कामाचे शोभेचे परिशिष्ट नव्हे. ज्या बाईकडून शिकायचे आहे तिला आधी जाणकार मानावे लागते. मग तीही डॉक्टरचे म्हणणे ऐकते.

वारसा म्हणून सगळेच जपावे, असे अर्थातच नाही. पाळीच्या दिवसांत स्त्रीने गावाबाहेरच्या 'कुर्मा घरा'त राहायचे, ही चालही याच मुलखातली. पावसाळ्यात सापाविंचवाचे भय, त्यात एकटेपणा. अशा प्रथेला परंपरेच्या नावाने पाठीशी घालणे म्हणजे त्या स्त्रीला दगा देणे होय. मोहाचा प्रश्न अधिक अवघड आहे. मोहफूल हे अन्न आहे, विकायचा माल आहे आणि त्याची दारू देवालाही चढते. तरीही दारूने घरे उद्ध्वस्त होतात, हे गावातल्या बायकांनीच उघडपणे मांडले. संस्था त्यांच्यासोबत उभी राहिली आणि लोकांच्या आंदोलनानंतर 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मोहाचे झाड मात्र कोणी तोडले नाही. उन्हाळा लागला की पहाटे त्याच्याखाली टोपल्या घेऊन बायका आजही फुले वेचतात.