वीस सेकंदांचं देणं

क्लाईड स्टबलफील्ड हे नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल. त्याचे हात मात्र नक्की कुठेतरी ऐकले असतील.

१९४३ साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात जन्मलेला हा मुलगा. कारखान्यांचे ठोके आणि रेल्वेचा खडखडाट, यांतून आपण लय शिकलो असं तो सांगायचा. १९६५ मध्ये तो जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये ड्रमर म्हणून आला. रिदम अँड ब्लूजमधून फंक आकाराला येत होतं, ते हे दिवस.

२० नोव्हेंबर १९६९. सिनसिनाटीत एका गाण्याचं रेकॉर्डिंग चाललंय. मध्येच ब्राउन सांगतो, आता ड्रमरला वाजवू द्या. आणि ड्रमरला सांगतो, सोलो नको, चाललंय तेच चालू ठेव. बाकी बँड थांबतो. क्लाईड वीसेक सेकंद एकटा वाजवतो. त्यानंतर ब्राउन गाण्याचं नाव जाहीर करतो : 'फंकी ड्रमर'.

म्हणजे गाण्याला नाव ड्रमरचं मिळालं. रचनाकार म्हणून नाव लागलं ते मात्र ब्राउनचं.

पुढे १९८०च्या दशकात सॅम्पलर आला. जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापायचा आणि तो पुन्हा पुन्हा वाजवायचा, एवढंच या यंत्राचं काम. पण बँड ठेवायला पैसे नसलेल्या पोरांच्या हाती त्यामुळे आख्खा बँड आला. क्लाईडची ती वीस सेकंदं शेकडो गाण्यांत गेली. अन्यायाविरुद्ध लढायला सांगणारं पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर'ही त्यांतलंच एक. क्लाईडला यातून रॉयल्टी मिळाली नाही. तो पगारी वादक होता, आणि रचनेचे हक्क त्याच्या नावावर नव्हतेच.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ठेका कुणाच्या मालकीचा कसा असेल? तीनतालाचे हक्क कुणी राखून ठेवले असते, तर आपल्याकडे मैफलच झाली नसती. क्लाईडच्या प्रत्येक ठोक्याची परवानगी काढावी लागली असती, तर ती गरीब पोरं गप्प बसली असती. लय मोकळीच हवी.

पण सॅम्पलिंगमध्ये नुसती लय घेतली जात नाही. ठेका घेणारा तो स्वतः शिकतो, स्वतःच्या हातांनी वाजवतो. सॅम्पलमध्ये क्लाईडचेच हात असतात. त्या दिवशीचा त्याच्या मनगटाचा जोर, स्नेअरवरचे ते हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके. ते त्याच्याच अंगातून आलेले असतात.

कायद्याने हक्क नाही म्हणजे देणं नाही, असं आपण पटकन धरून चालतो. माझ्या मते घोळ तिथेच होतो. आपल्याकडे जुने कलावंत उस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावतात. त्याने उस्तादाच्या घरात पैसा जात नाही, पण हे माझं एकट्याचं नाही, अशी जाहीर कबुली दिली जाते. क्लाईडनेही मुलाखतींत पैशांपेक्षा श्रेयाचाच आग्रह जास्त धरला होता.

अर्थात, नुसत्या नावाने पोट भरत नाही. १९७०च्या दशकात तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला स्थायिक झाला आणि तिथे वर्षानुवर्षं दर सोमवारी रात्री वाजवत राहिला. त्याला कॅन्सर झाला तेव्हा उपचारांचे सुमारे ९० हजार डॉलर गायक प्रिन्सने भरले, तेही गुपचूप. हे कळलं २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर.

ही गोष्ट ऐकून गहिवरून येतं. मग प्रश्न पडतो : ज्याच्या वीस सेकंदांवर इतक्यांची करिअर उभी राहिली, त्याच्या औषधपाण्यासाठी एका माणसाच्या चांगुलपणाची वाट का बघावी लागावी? प्रिन्सने केलं ते औदार्य. बाकीच्यांकडून यायला हवं होतं, ते देणं होतं.

१८ फेब्रुवारी २०१७ रोजी, ७३व्या वर्षी, क्लाईड गेला. मॅडिसनच्या विद्यापीठाची मानद डॉक्टरेट त्याला मिळाली ती मृत्यूनंतर.

आपणही रीलला कुणाचा तरी आवाज लावतो, कुणाचं तरी वाजवणं उचलतो. कमाई नसेल तर निदान मूळ वादकाचं नाव शोधून लिहावं. कमाई होत असेल, तर त्यातला वाटा त्याच्यापर्यंत पोचवावा, तो माणूस आजारी पडायच्या आधी.