हात कोण उचलतं?

‘मी हात उचलला’ म्हणताना त्यातल्या ‘मी’ने नेमकं काय केलं? तत्त्वज्ञ देकार्तच्या मते मेंदूतून निघालेला सूक्ष्म वायुरूप पदार्थ नसांमधून स्नायूत शिरतो आणि त्याला फुगवतो. त्याच सतराव्या शतकात डच निसर्गअभ्यासक स्वामरडॅमने बेडकाचा स्नायू बंद काचनळीत आकसवून पाहिला. आकारमान वाढलंच नाही. पुढे हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी सशाच्या स्नायूचे तंतू ग्लिसरीनमध्ये मुरवून थंडीत ठेवले. ससा कधीच मेलेला, पेशींची आवरणं निकामी. तरी एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू घालताच तंतू आखडले. ओढण्यापुरता तरी जीवात्मा लागत नाही, हे त्या काचपात्रात ठरलं. 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की आतले धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. एका धाग्यातल्या मायोसिन या प्रथिनाची डोकी दुसऱ्या, ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात. गंमत अशी की एटीपी येऊन चिकटल्याशिवाय पकड सुटत नाही. म्हणून तर प्रेत ताठरतं: धरलेलं सोडायला एटीपीच उरलेला नसतो.

यावर सांख्यमतवादी म्हणेल, आम्ही वेगळं काय सांगत होतो? सगळी हालचाल प्रकृतीची, म्हणजे जडाची; पुरुष, म्हणजे चैतन्य, नुसता पाहणारा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत आंधळ्याच्या खांद्यावर बसलेल्या पांगळ्याचा दाखला आहे: चालतो आंधळा, वाट दिसते पांगळ्याला. मायोसिन हा आंधळा म्हणून शोभतोही. पण पांगळ्याने ‘डावीकडे वळ’ म्हणायचं कसं? स्नायूला मुभा मिळते ती कॅल्शियममुळे, कॅल्शियम सुटतं नसेच्या विद्युत्-संदेशाने, आणि तो संदेशही प्रकृतीच. वाट दाखवणंही आंधळ्याकडेच गेलं, तर खांद्यावरच्याला काम काय उरलं? दाखला इथे लंगडा पडतो. मला गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी जास्त पटते. तिथे कर्माची कारणं पाच, आणि कर्ता त्यांतलं फक्त एक. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणं ही चूक.

मग चापट मारणाऱ्याने ‘मी नव्हे, मायोसिन’ म्हणावं का? हा आक्षेप गंभीर आहे, पण तो चुकीच्या मजल्यावर उभा आहे. थंडीने हात थरथरतो तेव्हा आणि चापट बसते तेव्हा स्नायूत तेच मायोसिन काम करतं. तरी क्षमा आपण एकाच कृतीची मागतो. म्हणजे दोष ठरवताना धागा कुणी ओढला हे आपण कधी विचारतच नव्हतो. राग किती दिवस पोसला, हात आवरता आला असता का, हे विचारत होतो. जंतूमागे सरपटणाऱ्या पांढऱ्या पेशीतही ॲक्टिन-मायोसिनचीच जोडी राबते, आणि तिला कुणी शूर म्हणत नाही. कुणी म्हणेल, राग आणि आवर हेसुद्धा शेवटी रेणूच. असतीलही. पण ते ज्या रचनेत गुंफलेले आहेत ती शिक्षेने, संस्काराने, पश्चात्तापाने बदलते. मायोसिनला पश्चात्ताप शिकवता येत नाही. चापट मारणाऱ्याला येतो.