रंगवलेला गंज आणि अनित्यता

जुन्या, गंजलेल्या मोटारींच्या हाताने घडवलेल्या छोट्या प्रतिकृती जमवण्याचा छंद अनेकांना असतो. चकचकीत नव्या गाडीची प्रतिकृती हवीशी वाटणे सहज समजते. पण चोवीसपट लहान केलेले भंगार कुणी काचेच्या कपाटात का जपावे? स्मरणरंजन म्हणून हा छंद बाजूला सारता येईल, पण माझ्या मते तो त्याहून गंभीर आहे. क्षय नीट न्याहाळणे ही साधना आहे, असे बौद्ध परंपरा मानते. महासतिपट्ठान सुत्तात स्मशानात टाकलेल्या देहाच्या नऊ अवस्था क्रमाने पाहायला सांगितल्या आहेत, फुगलेल्या प्रेतापासून हाडांच्या भुकटीपर्यंत. तिथे 'सगळे नश्वर आहे' असे मोघम म्हणून भागत नाही. प्रत्येक अवस्था वेगळी ओळखावी लागते. चांगली प्रतिकृती घडवणाऱ्यालाही नेमके हेच करावे लागते.

त्याचे काम जवळून पाहा. प्लॅस्टिकच्या किंवा रेझिनच्या सांगाड्यावर आधी गंजाचे तपकिरी, नारिंगी थर चढतात. त्यावर साधा हेअरस्प्रे मारतात आणि तो वाळल्यावर गाडीचा मूळ रंग देतात. मग ओल्या ब्रशने घासले की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरच्या रंगाचे पोपडे सुटतात. घासायचे कुठे, हा खरा प्रश्न. मिशिगनसारख्या अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथली गाडी खालून सडते. दारांच्या तळकडा आणि मडगार्डच्या आतल्या, चिखल साचणाऱ्या सांदी आधी खाल्ल्या जातात. ॲरिझोनाच्या वाळवंटात पाणी टिकत नाही. तिथे टप आणि बॉनेटचा रंग उन्हाने आधी उडतो, रबर तडकते, पत्रा मात्र कित्येक दशके तग धरतो. मिशिगनचा गंज ॲरिझोनाच्या गाडीवर चढवला, तर रंगकाम कितीही सफाईदार असो, ती प्रतिकृती चुकलीच. प्रत्येक डागामागे कारण असते. प्रतीत्यसमुत्पादाचा, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून घडते हा बौद्ध विचार इथे बोटभर जागेत, हाताने पारखून घ्यावा लागतो. कारखान्यात हजार गाड्यांवर एकच गंज छापला जातो, तेव्हा नेमकी ही पारख गळून पडते.

यावर कुणी म्हणेल, हा गंज खोटा आहे, न घडलेल्या काळाचे सोंग आहे. पण फसवणुकीसाठी फसणारा लागतो, आणि तळहातावर मावणारी गाडी खरोखर रस्त्यावर धावून झिजली असे कुणीच मानत नाही. खोटेपणाचा आक्षेप खरा ठरतो तो वेगळ्या ठिकाणी: गंज दाखवला आणि गाडी का सोडून दिली गेली ते विसरले, तेव्हा. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात जुन्या रूट ६६ च्या वाटेवर १९३२ च्या स्टुडबेकर मोटारीचा गंजका सांगाडा उभा आहे. १९२६ मध्ये सुरू झालेला हा महामार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून गेला. नवे आंतरराज्य महामार्ग बाजूने गेले तसे त्याच्यावर जगणाऱ्या गावांतले पेट्रोल पंप आणि मोटेल बंद पडत गेले. पडीक गाडीमागची कारणसाखळी पाणी आणि मिठापाशी थांबत नाही, ती माणसांच्या पोटापाण्यापर्यंत जाते. त्या माणसांचा विचार डोक्यात नसेल, तर गंजाचे सौंदर्य मला क्रूर वाटते.

दुसरा आक्षेप असा, की अनित्यता शिकवणारी वस्तू कपाटात ठेवून तिचा क्षय थांबवणे हा अंतर्विरोध आहे. क्षय थांबतो हे गृहीतच चुकीचे आहे. रेझिन वाकते, वॉर्निश पिवळे पडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी टॉइजच्या अनेक छोट्या धातूच्या गाड्या तर आतूनच भुगा होत गेल्या. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली, की काही वर्षांनी त्या धातूला तडे जातात, आणि त्यावर इलाज नाही.

संग्रहाविषयीचा आक्षेप मात्र अवघड आहे. सुत्तातला भिक्षू प्रेत घरी नेत नाही. पाहताना तो 'माझा देहही असाच होणार' याकडे वळतो. संग्राहक वस्तू विकत घेतो आणि पुढची शोधू लागतो. हा धोका खरा आहे, आणि कोणतीही वस्तू आपल्या मालकाला त्यापासून वाचवू शकत नाही. दाराच्या तळाशी पडलेले भोक पाहून तिथे पाणी का साचले असेल, असे ज्याच्या मनात येते, त्याला एक गाडीही वर्षभर पुरते. ज्याला फक्त मालिका पूर्ण करायची आहे, त्याच्याबाबतीत अपरिग्रहाचा आग्रह धरणारे बरोबर आहेत आणि त्यांना माझ्यापाशी उत्तर नाही.