क्षमा मागण्यात उणेपणा कसला?

संतांविषयीची जुनी वक्तव्ये उजेडात आली, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये सुषमा अंधारे यांनी वारकऱ्यांची माफी मागितली. आम्हां भिसेगावच्या माळकऱ्यांना ते रास्तच वाटले. मग आपल्याला जो न्याय हवा, तो शेजारच्या मुसलमान बांधवाला नको काय?

त्याच वर्षी मे महिन्यात भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा पैगंबरांविषयी बोलल्या. ५ जूनला त्यांनी शब्द विनाअट मागे घेतले. पण महादेवाचा अपमान सोसवला नाही म्हणून बोलले, असे कारणही जोडले. अहो, निंदा एकाने केली, तर मन सगळ्या समाजाचे का दुखवावे?

माफीने पुढारी लहान होतो म्हणतात. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, त्यात कोण लहान होतो? जे संख्येने थोडे, त्यांच्या मतांचा पुढाऱ्याला धाक नसतो. म्हणूनच त्यांची क्षमा मागण्यात खरी कसोटी. मात्र धमकावून घेतलेली माफी ही माफी नव्हे, आणि शब्दापायी जीव घेणे हा तर उघड अधर्म.

श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्याच संतमेळ्यातले. तेव्हा पुढाऱ्याने सबब न सांगता 'चुकलो' म्हणावे, हे मागणे आपण दुसऱ्यासाठीही तितक्याच मोठ्याने मागावे.