खाजवू नकोस

इसब असलेल्या माणसाला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे “खाजवू नकोस”. आई म्हणते, शाळेतल्या बाई म्हणतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली मावशी कोपराने ढोसून दबक्या आवाजात म्हणते. हेतू चांगलाच असतो सगळ्यांचा. पण लहानपणापासून माझ्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत या दुखण्याने बिऱ्हाड केलेलं आहे, आणि या वाक्याने एकदाही खाज थांबल्याचं मला आठवत नाही. थांबते ती फक्त इतरांसमोर खाजवण्याची हिंमत. मग माणूस टेबलाखाली खाजवतो, बाथरूममध्ये जाऊन खाजवतो, पांघरुणात खाजवतो.

१६६० साली सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली होती. जी नकोशी संवेदना खाजवण्याची इच्छा निर्माण करते ती खाज, अशा अर्थाची. साडेतीन शतकं उलटली तरी डॉक्टर मंडळी तीच व्याख्या सांगतात. म्हणजे खाजवण्याची इच्छा ही खाजेला नंतर चिकटलेली वाईट सवय नव्हे, ती तिच्या पोटातच आहे. खाज येऊ दे पण खाजवू नकोस, हे शिंक येऊ दे पण शिंकू नकोस म्हणण्यासारखं झालं. (हे वाचताना तुमचा हात एव्हाना मानेकडे गेला असेल तर संकोच नको. खाजेबद्दल नुसतं ऐकलं, दुसऱ्याला खाजवताना पाहिलं, तरी खाज सुटते.)

खाजवण्यात सुख आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. नखांनी त्वचेला थोडी वेदना होते आणि तो वेदनेचा संदेश मज्जारज्जूत खाजेच्या संदेशाला दाबून टाकतो. क्षणभर अगदी ब्रह्मानंदी टाळी. पण वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन सोडतो आणि तेच खाजेच्या पेशींना पुन्हा चेतवतं, असं २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसून आलं. शिवाय नखांनी त्वचा फाटते, दाह वाढतो, दाहाने खाज वाढते. रात्री तर विचारू नका. शरीराचं स्वतःचं दाहशामक कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असतं, गोधडीत अंग तापतं, त्वचेतून पाणीही जास्त उडून जातं, आणि मन रमवायला काही नसतं. झोपेत खाजवणाऱ्या चार वर्षांच्या पोराला “खाजवू नकोस” सांगून काय उपयोग? ते वाक्य ऐकायला तिथे कोणी जागंच नसतं.

मुळात बिघाड नखांत नाही, त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात आहे. “रक्त खराब आहे, रक्तशुद्धीचं काहीतरी घे” असं सांगणारे मला आजही भेटतात. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इसब असलेल्या अनेकांच्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवायला मदत करतं. ते कमी पडलं की आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण ५ च्या आसपास. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. अशा त्वचेवर आपण कढत पाणी ओततो, खसाखसा घासतो आणि वर म्हणतो, स्वच्छता ठेवली की बरं वाटेल.

म्हणून माझं मत असं झालं आहे की घरच्यांनी हातांवर पहारा ठेवण्यापेक्षा त्वचेला ओलावा पुरवण्यात शक्ती घालवावी. काम अतिशय कंटाळवाणं आहे. कोमट पाण्याने पाचदहा मिनिटांत अंघोळ उरकायची, पंचाने टिपून घ्यायचं, आणि अंग अजून ओलसर आहे तोवर भरपूर क्रीम किंवा मलम लावायचं. “भरपूर” हा शब्द आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी नाइस ही संस्था इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगते. आपल्या घरांत पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवण्याची धडपड चालते, आणि मग “लावलं, पण गुण नाही आला”. महागड्या बाटलीचा आग्रह मात्र नको. साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली स्वस्त असते आणि आपलं काम चोख करते. फक्त ती शोषलेले कपडे चटकन पेट घेतात, तेव्हा गॅसपाशी आणि निरांजनापाशी पदर, ओढणी सांभाळावी.

खोबरेल तेलाबाबत आपल्या आज्या फारशा चुकल्या नव्हत्या. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. उलट बाळाच्या मालिशीसाठी हौसेने आणलं जाणारं ऑलिव्ह तेल त्वचेचा संरक्षक थर कमजोर करतं, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा दिवाळीच्या पहाटे तेल खुशाल लावावं. पुढे येणारं खरखरीत सुवासिक उटणं, सुगंधी साबण आणि वाफाळणारं पाणी, हे त्रिकूट इसबवाल्याने नम्रपणे परत पाठवावं. घरात पाच मिनिटं रुसवा होतो, पण सण निवांत जातो.

स्टेरॉइड मलमांबद्दल आपल्याकडे दोनच पक्ष आहेत. एक पक्ष नाव ऐकताच दचकतो, डॉक्टरांनी दिलेलं मलम दोन दिवस नखभर लावतो आणि थोडं बरं वाटताच ट्यूब कपाटात ठेवून देतो. दाह पुरता विझलेलाच नसतो, पुन्हा भडकतो. दुसरा पक्ष औषधांच्या दुकानात हात पुढे करून “यावर काहीतरी द्या” म्हणतो आणि स्टेरॉइड, प्रतिजैविक, बुरशीनाशक असं सगळं एकत्र कालवलेलं मलम घेऊन येतो. ते गजकर्णावर लावलं तर खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी मात्र आरामात पसरते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले, तरी दुकानात हात पुढे होतोच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. हे माप डॉक्टरांकडून एकदा नीट समजून घेतलं की दोन्ही पक्षांची भांडणं पुष्कळ कमी होतील.

पथ्याचं प्रकरण वेगळंच. वांगं बंद, दही बंद, मासे बंद, शेंगदाणे बंद. काही लहान मुलांना एखाद्या पदार्थाची खरोखर ॲलर्जी असते, नाही असं नाही. पण ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची गोष्ट आहे. वाढत्या वयाच्या पोराच्या ताटातून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ काढत गेलो, तर इसब राहतं आणि पोर रोडावतं.

राहता राहिले हात. नखं बारीक कापावीत. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं खाजेच्या जागी दाबून धरावं. क्रीमची बरणी फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी ठेवावी, गार क्रीमने बराच वेळ शांत वाटतं. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात एक युक्ती तपासून पाहिली होती: खाज आली की मुठी घट्ट आवळायच्या, तीस आकडे मोजायचे, तरीही खाज उरली तर त्या जागी नख नुसतं दाबायचं, ओढायचं नाही. मी करते. कधी जमतं, कधी सतरावर हात सुटतो. पण यात हातांना काहीतरी काम मिळतं, नुसती मनाई मिळत नाही.

लोकांच्या नजरांवर मात्र मलम नाही. लोकलमध्ये उन्हाळ्यात अर्ध्या बाह्या घातल्या की बाकावरचं कोणीतरी हळूच दोन बोटं सरकतं, खिडकीबाहेर बघितल्यासारखं करतं. त्यापेक्षा “हे लागतं का हो?” असं थेट विचारणाऱ्या बायका मला आवडतात. नाही, लागत नाही, स्पर्शाने नाही, टॉवेलने नाही, एका ताटात जेवूनही नाही. एवढं सांगून झालं की बहुतेक वेळा पुढचा प्रश्न येतो: माझ्या नातवालाही असंच आहे, तुम्ही काय लावता? मग दादर येईपर्यंत आमचं पेट्रोलियम जेलीवर बोलणं होतं, आणि उतरताना त्या बाई मोठी बरणीच घेते म्हणतात.